फ्रीव्हीलची टिकटिक

पूर्णा जंक्शनवरची ड्यूटी संपवून आप्पा त्यांच्या जुन्या रेसर सायकलवर घरी परतायचे. गल्लीच्या वळणावर पायडल मारणं थांबवायचे, मग फ्रीव्हीलची टिकटिक करत सायकल आपसूक दारापर्यंत यायची. ती टिकटिक ऐकूनच आई ताजी भाकर थापायला घ्यायची. आप्पा वारले. लेकानं, शिवप्रकाशनं, ती सायकल फिक्स्ड गिअरची करायला घेतली. फ्रीव्हील काढलं की चाकाबरोबर पायडल सतत फिरणार, टिकटिक कायमची बंद. अंगणात सायकल उलटी ठेवून, पाना लावण्याआधी त्यानं सहज मागचं चाक फिरवलं, टिकटिक सुरू झाली. स्वयंपाकघरातून भाकर थापल्याचा आवाज आला. "हातपाय धुवा, भाकर टाकायलेय," आई सवयीनं बोलून गेली. चाक थांबलं. पिठाच्या हातांनी आई दारात आली. शिवप्रकाशनं पाना खाली ठेवला. "काढ की, तुजीच सायकल हाय आता," ती म्हणाली. "पर आधी एकदा वळणावरून घरी ये."