थंड खोलीची जागा

"पुन्हा," सून म्हणाली. "दारावर टकटक करण्यापासून."

अप्पा निमूटपणे स्वयंपाकघराबाहेर गेले, टकटक करून आत आले. ती ओट्याशी खुर्ची टाकून साहेब होऊन बसली होती. सहावा महिना सरत आला होता. पाठीला उशी घेतल्याशिवाय तिला बसवत नव्हतं.

"हात असे पुढे बांधू नका, बाबा. काहीतरी मागायला आल्यासारखं दिसतं."

"मागायलाच तर चाललोय."

ती हसली नाही.

अप्पांनी सत्तावीस वर्षं टायरच्या गोदामात काढली होती. कानावर कायम खडू अडकवलेला, म्हणून तिथे सगळे त्यांना 'खडू' म्हणायचे. गोदामाला टाळं लागलं त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून अकरा मुलाखती झाल्या. कुठे वय आडवं आलं, कुठे संगणक, कुठे नुसतंच 'कळवतो'. मुलगा दूरच्या बांधकामावर होता, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. घर उभं होतं ते सुनेच्या नोकरीवर.

ही जाहिरातही तिनंच आणली होती. औषधांच्या गोदामातली थंड खोली सांभाळायला अनुभवी माणूस हवा. कंपनीचं नाव नव्हतं, माणसं मिळवून देणाऱ्या एका कचेरीचा पत्ता तेवढा होता. सून स्वतः औषधांच्याच गोदामात कामाला. बारा दिवस रोज कामावरून आली की चपला काढून ती थेट अप्पांची शिकवणी घ्यायची.

"वीज गेली, जनरेटर लागत नाही. पहिलं काम?"

"खोलीचं दार बंद ठेवायचं. उघडून बघायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायचं."

"माल कुठला आधी बाहेर?"

"आधी आला तो."

"तो टायरचा हिशोब झाला. इथे ज्याची मुदत आधी संपते तो. बाबा, तिथेच घसरता तुम्ही."

"बरं, मुदत आधी संपते तो."

"घरात आणखी कोण नोकरी करतं विचारलं तर?"

"सून औषधांच्या—"

"नाही. माझा विषयच काढायचा नाही. लोकांना वशिल्याचा वास येतो."

अप्पा थकले होते. "इतकं जिवाला का लावून घेतेस? ही नाही तर दुसरी."

"मी घरी बसायच्या आत तुमचं काम झालं पाहिजे," ती म्हणाली आणि पाठीमागची उशी सरळ करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. कचेरीतल्या बाकावर आठजण आधीच बसले होते, बहुतेक त्यांच्या मुलाच्या वयाचे. पण सगळ्यांनंतर आत गेल्यावर चष्मेवाल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विजेचा विचारला आणि अप्पांची जीभ सुटली. जनरेटर, तापमान, मुदत. घसरले नाहीत. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच समोरचा माणूस त्यांचं बोलणं मान हलवत ऐकत होता.

"काका, बाहेरच्यांना यातलं निम्मंही येत नाही," साहेब म्हणाले. "मी आजच नाव कळवतो. गोदाम पुलापलीकडचं, निळ्या फाटकाचं. पाहिलंय?"

अप्पांनी पाहिलं होतं. मागच्याच पंधरवड्यात सून डबा विसरली, तेव्हा त्या फाटकाशी उभं राहून त्यांनी तो पहारेकऱ्याच्या हाती दिला होता.

"थंड खोली तिथे एकच का?" त्यांनी विचारलं.

"एकच. सध्या एक बाई बघतात. बाळंतपणासाठी जातील, आणि कंपनीला काही त्या परत नकोत." साहेबांनी आवाज उतरवला. "हे आपल्यातच ठेवा."

"त्यांना माहीत आहे?"

"ते कंपनी बघेल. आपण कशाला त्यात पडायचं?"

बारा दिवस सुनेनं मन लावून शिकवलं होतं, स्वतःच्या पोटावर पाय यावा म्हणून.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पुन्हा जाहिरात, पुन्हा हे सगळं. दोन-तीन महिने सहज जातील. पण नाही का म्हणाल?"

दोन-तीन महिन्यांत बाळ हातात येईल, अप्पांच्या मनात आलं. तोवर कंपनीचं मनही बदलेल.

"थंडीत गुडघे धरतात माझे," ते म्हणाले आणि उठले.

साहेबांनी दोनदा थांबवून पाहिलं. अप्पा थांबले नाहीत. निकालासाठी थांबलेले बाहेरचे आठजण त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ओलांडून ते रस्त्यावर आले आणि घरापर्यंत चालत गेले. छातीवर दगड होता, तरी पाऊल हलकं पडत होतं. चौदा महिन्यांत आज कुठे ते घराच्या उपयोगी पडले होते.

संध्याकाळी सून आली. चपलाही न काढता दारातच तिनं विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं गं."

"कुठला प्रश्न अडला?"

"प्रश्न नाही अडला. वय जास्त आहे म्हणाले."

ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. अप्पांनी पाणी आणून दिलं. तिनं पेला नुसताच हातात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "तुझी नोकरी आहे ना, तेवढं पुरे."

"वयाची अट नव्हती त्यात, बाबा," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात माझ्याकडून राजीनाम्यावर सही घेतली, तेव्हा ती जाहिरात त्याच टेबलावर टाईप होऊन पडली होती. म्हटलं, माझी जागा गेलीच आहे, निदान आपल्या घरातून तरी जायला नको."