बिनव्याजी

पाकीट मिळाल्यावर काकांनी ते लगेच खिशात टाकलं नाही. पुतणीनं आणलेला हप्ता समोर बसलेल्या दोघांना नीट दिसेल असा हातात धरला आणि म्हणाले, "बघा, ही आमची लिफ्टवाली! हिच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कोर्सची सगळी फी मी भरली. कागद नाही, सही नाही. नुसत्या शब्दावर."

दोघांनी माना डोलावल्या. एक होते निवृत्त हेडमास्तर, दुसरे कोपऱ्यावरचे औषधवाले. पुतणी टीपॉयशेजारी उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नव्हतं. बँकेतून परस्पर पैसे पाठवलेले काकांना चालत नसत. दर महिन्याला घरी यायचं आणि चार माणसं बसलेली असताना हातात द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. काकूंनी आतून चहाचा कप आणून तिच्या हातात दिला आणि त्या आल्या तशा आत गेल्या.

आज ती काहीतरी निराळं सांगायला आली होती. पगारातून पेन्शनसाठी जे कापलं जातं ते ती उद्या बंद करणार होती. तेवढे पैसे हप्त्यात घातले की कर्ज निम्म्या वेळात फिटलं असतं आणि हे टीपॉयशेजारचं उभं राहणं एकदाचं संपलं असतं. आपण पेन्शन सोडली की कंपनी स्वतःचे जे पैसे घालते तेही जाणार, हे तिला ठाऊक होतं. आठवडाभर तिनं मनाशी पुष्कळ घासाघीस केली होती. शेवटी, म्हातारपण गेलं खड्ड्यात, असं ठरवून ती जिना चढण्याऐवजी लिफ्टनं वर आली होती, म्हणजे मध्येच मन बदलायला नको.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आणि हिची आई सांगत होती, बाईसाहेब आत्तापासून पेन्शनला पैसे टाकतात म्हणे! अंगावर माझं कर्ज आणि डोळे म्हातारपणावर. दुधाचे दात पडले नाहीत आणि कवळीची तयारी!"

औषधवाले खो खो हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगायचं ठरवलेलं वाक्य तिनं चहाबरोबर गिळून टाकलं.

हेडमास्तर मात्र हसले नव्हते. पेन्शन हा शब्द निघाला की ते ताठ बसत.

"कंपनी किती घालते?" त्यांनी तिला विचारलं.

"मी घालते तेवढेच, सर."

"आणि या कर्जाला व्याज?" हा प्रश्न काकांना होता.

"व्याज?" काकांनी छातीवर हात ठेवला. "घरच्या पोरीकडून व्याज घेऊ? कसाई आहे का मी?"

"मग हिचंच बरोबर आहे. बिनव्याजी पैसे फेडायची घाई करायची आणि कंपनीचे फुकट मिळणारे सोडायचे, हे कुठलं शहाणपण? उलट हप्ता कमी करावा आणि पेन्शनला जास्त घालावेत."

काकांचं हसू तसंच राहिलं, पण नजर हातातल्या पाकिटाकडे गेली. ते तिला बरोबर दिसलं. काकांचं पडद्यांचं दुकान विकून आलेले पैसे कधीच उडाले होते आणि घर आता निम्मंअधिक याच हप्त्यावर चाललं होतं, हे काकूंनी तिच्या आईला फोनवर रडत सांगितलं होतं. खोलीतल्या पाहुण्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तिनं कप खाली ठेवला आणि कुणी न सांगता खुर्ची ओढून बसली.

"सर म्हणतात ते पटतंय मला," ती गोड आवाजात म्हणाली. "पण काका, तुम्हाला पैशांची अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा हं. लाजू नका. सगळी आपलीच माणसं आहेत."

औषधवाल्यांनी उचललेलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच भीती वाटली.

"मला?" काकांचा आवाज चढला. "मला कसली अडचण? भलतंच काय बोलतेस! सावकाश दे. निम्मा हप्ता दे. दहा वर्षं घे!"

"दहा?"

"दहा म्हणजे दहा. शब्द आहे माझा."

"याला म्हणतात मनाचा मोठेपणा," हेडमास्तर म्हणाले.

तिनं काकांच्या हातातलं पाकीट अलगद काढून घेतलं, निम्म्या नोटा आपल्या पर्समध्ये ठेवल्या आणि उरलेल्या नोटांसकट पाकीट त्यांच्या हातात परत दिलं. "मग आजपासूनच सुरुवात करू या," ती म्हणाली आणि उठली.

काका पहिल्यांदाच तिला सोडायला बाहेर आले. घराचं दार त्यांनी मागे ओढून घेतलं. लिफ्टचं बटण त्यांनीच दाबलं. ती आत शिरली तसा त्यांनी दारात हात घातला आणि मिटणारी दारं मागे सरकली.

"अगं, ते आत म्हणालो ते... माणसं बसली होती म्हणून," ते हळूच म्हणाले. "दहा वर्षं काढीन का गं मी?"

दारं पुन्हा मिटू लागली. त्यांनी पुन्हा हात घातला. रोज लिफ्टचं काम करणाऱ्या माणसाच्या काळजीनं तिनं तो हात मनगटाला धरून बाहेर सारला.

"नाही काढलीत तर काकूंच्या हातात देईन," ती म्हणाली. "आणि कुणाला सांगणार नाही."