वाचवलेली पावलं

माझं काम पावलं वाचवायचं. कारखान्यातलं मशीन किती वेळ नुसतं थांबून राहतं आणि का, ते मी घड्याळ लावून बघतो. लेथचा निम्मा वेळ ऑपरेटरच्या चालण्यातच जायचा. टूलचा रॅक अठरा पावलांवर होता, तो मी दोनवर आणला. पाण्याचा कूलर चाळीसवर होता, तोही दोनवर.

लेथ थांबेनासं झालं. मॅनेजर खूश.

शुक्रवारी लेथवरचे मामा हात पुसत म्हणाले, "साहेब, दार लांब गेलंय."

"मामा, वय झालं तुमचं."

"असेल. पण रोज घरी पोचायला उशीर होतोय. बायको संशय घ्यायला लागलीय."

त्यांची समजूत काढायला मी टेप लावली. लेथपासून दार वीस मीटर, पूर्वीइतकंच. मग चालून बघितलं. पूर्वी तीस पावलं व्हायची, आता चौऱ्याऐंशी झाली.

जास्तीची चोपन्न. सोळा रॅकची, अडतीस पाण्याची.

सोमवारी मॅनेजरनी जेवणाचं टेबलही लेथजवळ हलवायला सांगितलं. त्यांना काय सांगणार होतो? हलवलं.

दुपारी पाळी सुटल्याचा भोंगा झाला. मामा आणि मी बरोबरच निघालो. समोर उघड्या दारातून ऊन आत येत होतं. तीनशेनंतर मी मोजायचं सोडून दिलं. ऊन तेवढ्याच अंतरावर होतं.

मामांचा फोन वाजला. "निघालोय गं," ते चालता चालता म्हणाले, "हा काय, दारातच आहे."

मी मागे वळून पाहिलं.

लेथ दोन पावलांवर होतं.