ओढ्यापलीकडचं घर

बेंदराच्या सणाला बैलांच्या मिरवणुकीत पाटलाच्या आधी आपला बैल वेशीतून नेला, एवढ्यावरून खारवडी गावानं गुंडाला वाळीत टाकलं. त्याला सात वर्षं झाली. ओढ्यापलीकडच्या त्याच्या घराकडं बघून कुणी खाकरतसुद्धा नव्हतं.

सेहेचाळीस साली खारवडी सातारा शहराच्या हद्दीत घालायचं ठरलं. हद्दीची मोजणी करणाऱ्या कारकुनानं विचारलं, "ते पलीकडचं घर गावातलंच ना?"

"त्यो मानूस आमच्या गावचा न्हाई! लिवा तसं, मी सही देतो," नाथाजी पाटील पचकन थुंकला. गुंडा बांधावरून ऐकत होता.

त्याचं घर तेवढं वगळून सगळी खारवडी शहरात गेली. मागोमाग शहराचे कायदे आले : दारात उकिरडा नको, घराला गोठा नको. तिसऱ्या महिन्यात नाथाजी बैलजोडी घेऊन गुंडाच्या अंगणात उभा.

"गुंडा, गड्या, खारवडी म्हंजी आता तुजं एकच घर ऱ्हायलं बघ. माजी बैलं तेवढी गावात बांधू दे."

गुंडानं त्याला उन्हात उभं ठेवलं. आत जाऊन पानाला सावकाश चुना लावला, ते चघळून संपवलं आणि मग बाहेर आला.



"गावकी बसली हुती, पाटील. तुमास्नी वाळीत टाकायचं एकमतानं ठरलंय."