सर्किटला घातलेला वळसा

दवाखान्याच्या भिंतीवरची पेटी उघडली आणि मिंझाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं स्वतः बसवलेलं सर्किट जागच्या जागी होतं, पण दिव्यांची तार त्यातून जातच नव्हती. कुणीतरी ती उपटून थेट सौर बॅटरीला पिळली होती.

बॅटरी उतरली की दिवे आपोआप तोडायचे, हे सर्किटचं काम. तेच खुंटलं. दोन महिने बॅटरी तळापर्यंत उपसली गेली आणि परवा मेली. लसींचा फ्रीज बंद पडला. लामाडीच्या बाजारात मासळीवाल्यासुद्धा म्हणायला लागल्या, मिंझाचं सर्किट बॅटरी खातं. बाळंतपणानंतर आज ती पहिल्यांदा कामावर आली होती, ती हे ऐकायला.

"लुहेंदे काका, हे कुणी केलं?"

म्हातारा पहारेकरी पायरीवर बसून कणसं सोलत होता. "मी."

"कशाला? सगळ्या गावाचे फोन चार्ज करून मिरवायला?"

"नाही."

"मग? आता दातखीळ बसली का?"

त्यानं पुढचं कणीस उचललं.

"लसी वाया गेल्या, काका. लोक माझ्या नावानं बोटं मोडतायत. चार वर्षांत माझ्या एकाही सर्किटनं दगा दिलेला नाही. दवाखान्याच्या समितीला सांगणार आहे मी. उद्यापासून इथं दुसरा पहारेकरी दिसेल."

"सांग," तो म्हणाला.

आवाज ऐकून नर्स कबुला बाहेर आली. "हळू बोल. आत पेशंट आहेत."

"सिस्टर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि समितीसमोर माझी अब्रू जाताना गप्प बसलात?"

"काकांनी शपथ घातली होती." कबुलानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवून नको म्हटलं, पण ती थांबली नाही. "दोन महिन्यांपूर्वी, रात्री मी टाके घालत होते. रक्त थांबत नव्हतं, बाई बेशुद्ध. नेमके तेव्हाच तुझ्या सर्किटनं दिवे तोडले. काकांनी दातांनी तार सोलून बॅटरीला जोडली. परत कुणावर तशी वेळ नको, म्हणून तशीच ठेवली."

"मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मिंझा कडाडली. "कोण होती ती बाई?"

कबुलानं तिचा हात धरला.

"तू."