तिच्या वतीने

एकविसाव्या प्रश्नापाशी नीळकंठरावांची लेखणी अडली. त्यांनी 'नाही' असे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि खुर्ची मागे सारून ते उठले. वॉर्डाच्या व्हरांड्यातली त्यांची ही चौथी फेरी होती.

सिस्टर वसुधा बाकावर स्वस्थ बसून होती. दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची कुटुंबे ते आजारपण कसे निभावून नेतात, याचा ती अभ्यास करीत होती. भोपाळमधल्या तेहतीस घरांना तिने हेच प्रश्न विचारले होते. नियम दोनच होते. आईने आणि वडिलांनी आपापला रकाना स्वतः भरायचा. आणि विचारणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही.

पहिला नियम नीळकंठरावांनी केव्हाच मोडला होता. सचिवालयातल्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी पत्नीचाही रकाना सुवाच्य अक्षरात भरून टाकला होता आणि खाली 'सौ. रत्नप्रभा यांच्या वतीने' अशी स्वतःची सही केली होती.

"वतीने चालत नाही," वसुधा म्हणाली.

"का चालू नये? नागपूरहून आम्हाला इथे आणलं, तेव्हा आमचा रकाना कोणी भरला होता, सिस्टर?"

मग ते वादालाच बसले. पंधरा वर्षांच्या संसारात पत्नी कोणत्या प्रश्नाला काय म्हणेल, हे नवऱ्याला कळते. शिवाय या एकविसाव्या प्रश्नाची रचनाच सदोष आहे. 'मुलाच्या आजाराविषयी घरातील कोणापासून काही लपवले आहे काय?' लपवणे वेगळे आणि योग्य वेळ येईपर्यंत न कळवणे वेगळे.

न कळवलेले ते असे होते. वर्षापूर्वी नवे राज्य झाले, नागपूरचे दप्तर भोपाळला आले आणि दप्तरामागून नीळकंठराव, रत्नप्रभा आणि नऊ वर्षांची सुचेताही आली. श्रावणात नागपूरला त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला. तिला हलवणे शक्य नव्हते. धाकटा भाऊ अच्युत अविवाहित, गिरणीत पाळीवर जाणारा. म्हणून रत्नप्रभा सासूच्या सेवेला गेली, आणि शाळा बुडू नये म्हणून सुचेता वडिलांपाशी राहिली. दसऱ्याला तिला ताप आला, सांधे सुजले. दिवाळी रुग्णालयात गेली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले, की तापाने हृदय निकामी केले आहे. आता फार तर महिना. नीळकंठराव दर सोमवारी लिहीत: सुचीचा ताप उतरणीला लागला आहे, काळजी नसावी. नागपूरहून दर शुक्रवारी उत्तर येई: इकडची काळजी करू नये, सुचीला जपावे.

आतून हाक आली. सुचेता उशांच्या उतरंडीला टेकून बसली होती. आडवे झाले की तिला धाप लागे.

"सिस्टर, बाबा पास झाले का?"

"एक प्रश्न अडलाय."

"मग आईला विचारू दे की त्यांना." ती श्वासासाठी थांबली. "घरी त्यांचं पागोटंसुद्धा तीच शोधून देते."

आई कधी येणार, हे मात्र तिने विचारले नाही. ते विचारणे तिने पंधरा दिवसांपूर्वीच सोडले होते.

नीळकंठराव व्हरांड्यात परतले आणि खालच्या आवाजात युक्तिवाद करू लागले. मुलीजवळ आपण आहोत, आईजवळ रत्नप्रभा आहे. तिला इकडे आणले, तर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या तोंडात पाणी कोण घालील? नुसते कळवले, तर तिला येता येणार नाही आणि तिथे राहवणारही नाही. हे ओझे आपण एकट्याने उचलले, यात अन्याय कोणावर?

वसुधाने कागद मिटला. दुसरा नियम तिने आजवर एकदाही मोडला नव्हता.

"नीळकंठराव, हा महिना वहिनींचाही आहे. तो त्यांना हवा की नको, हे तुम्ही ठरवू नका."

 

तासाभराने ते तारघराच्या खिडकीशी उभे होते. मसुदा चारदा बदलला. अखेर त्यांनी लिहिले: 'सुची अत्यवस्थ. ताबडतोब ये. आईजवळ अच्युतला बसव.'

तार गेली आणि त्यांचे अस्वास्थ्य दुणावले. दोन दिवस त्यांना एका जागी बसवेना. अच्युत आईला कुशीवर वळवील का? दूध चमच्याने, थेंबाथेंबाने पाजावे लागते, हे त्याला ठाऊक असेल का? मुलीसाठी आपण आईला टाकले, असा आरोप त्यांनी स्वतःवर ठेवला. आणि जन्मभर वाद घालणाऱ्या त्या माणसाला आपला बचाव करता आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. रत्नप्रभा उतरली. तिच्यामागून लोखंडी ट्रंक उतरली, वळकटी उतरली, स्टोव्ह आणि भांड्यांचे गाठोडे उतरले. ती नवऱ्याकडे न पाहता वॉर्डात शिरली.

"किती वाळलीस गं," सुचेता आईला म्हणाली.

रत्नप्रभाने पलंगावरच्या उशा दूर केल्या, ती स्वतः त्या जागी बसली आणि तिने मुलीला छातीशी टेकवून घेतले. दुपारी सुचेताचा डोळा लागला. तोवर नीळकंठराव पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. आता ते वाकले.

"आईजवळ कोण आहे? अच्युतला रजा मिळाली ना?"

रत्नप्रभा मुलीच्या केसांवरून हात फिरवीत राहिली.

"तुमच्या पत्राखालच्या सुचीच्या दोन ओळी यायच्या थांबल्या, तेव्हाच तिचं दुखणं वाढलंय, हे मी समजले होते. पण आले असते, तर तुम्ही हेच विचारलं असतंत."

"म्हणजे?"

"आईंना जाऊन आज सोळा दिवस झाले. अग्नी अच्युतभाऊजींनी दिला. तुम्ही थोरले, कळवलं असतं, तर तेरा दिवस तुम्हाला तिकडे बसावं लागलं असतं, आणि तेराव्यापर्यंत मलाही हलता येत नव्हतं. मग माझ्या सुचीजवळ कोण होतं?"