धाकट्यानं आधी उचलायचं

कुंडलिकनं पहाटेच उठून बैल धुतले. शिंगांना तेल चोळलं, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या आणि परसातल्या पेरूखाली बसणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावरच पडावी अशा बेतानं जोडी उभी केली. बैल शर्यतीचे होते, त्याच्या वडिलांनी, आबांनी हौसेनं वाढवलेले. आबा जाऊन महिना झाला होता आणि आज वाटण्या होत्या.

पिंपळीत याची रीत ठरलेली. थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही, असं पंच समजून होते. पंचांना कुंडलिक अजून नीट कळला नव्हता.

त्यानं घोंगडीवर दोन वाटे मांडले. एकीकडे जादा घुंगुरमाळ ठेवली. त्या वाट्यात बैलजोडी, शर्यतीचा छकडा, आबांचा चांदीचा कडदोरा आणि माळावरची कोरडी जमीन. दुसरीकडे काळ्या मातीचं नुसतं एक ढेकूळ, म्हणजे कालव्याखालची जमीन. ढेकूळही त्यानं मुद्दाम ओबडधोबड निवडलेलं. धाकटा भाऊ रामहरी शर्यतीपायी खुळा. तो घुंगुरमाळेवर झडप घालणार, आणि कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, सगळं अलगद आपल्या पदरात पडणार. कुंडलिकला आतून उकळ्या फुटत होत्या. तोंड तेवढं त्यानं सुतकी ठेवलं होतं.

बहीण कौसल्या सकाळीच सासरहून, सणसरहून आली होती. तिच्यासाठी इरकली लुगडं आणून ठेवलेलं होतं. दोघा भावांचं आटोपलं की लुगडं देऊन, जेवू घालून तिची बोळवण करायची, एवढंच काय ते तिचं काम.

‘‘बघून घ्या वाटं,’’ पंच हिंदुराव तात्या म्हणाले. ‘‘एकदा उचलला की बदलायचा न्हाय. कबूल?’’

‘‘कबूल,’’ कुंडलिक घाईनं म्हणाला. ‘‘आबांच्या घरात रीत मोडायची न्हाय तात्या. जो धाकटा आसंल त्यानं आधी उचलावा.’’

तेवढ्यात एका बैलानं मान हलवली आणि घुंगरं खुळखुळली. रामहरीची मान आपोआप तिकडं वळली. शाब्बास रे पठ्ठ्या, कुंडलिक मनात बैलाला म्हणाला. रामहरी धोतर झटकत उठला. त्याचा हात माळेकडं गेला, आणि कुंडलिकनं श्वास रोखून धरला.

‘‘थांब रामहरी,’’ कौसल्या म्हणाली. ती पायरीवरून उठून पुढं आली. ‘‘धाकटी मी हाय.’’

रामहरीचा हात तसाच राहिला. कुंडलिक हसला. ‘‘कवसे, तू लेक हायस. तुला लुगडं आणलंय की.’’

‘‘बघितलं. काठ झ्याक हायत. पर तात्या, नवा कायदा झालाय न्हवं? बापाच्या मागं लेकीलाबी वाटा?’’

हिंदुरावांनी घसा खाकरला. बारामतीच्या कचेरीत ही गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. ‘‘झालाय खरा,’’ ते म्हणाले.

‘‘आन रीत तर दादानंच सांगितली आत्ता.’’

घुंगुरमाळेकडं तिनं पाहिलंही नाही. ती वाकली आणि तिनं ढेकूळ उचललं.

कुंडलिक ताडकन उभा राहिला. ‘‘अगं, ते... ते नगं...’’ सांगणार काय? खरा वाटा तोच होता म्हणून? दोन्ही वाटे सारखेच आहेत, हे आठ दिवस तोच गावभर सांगत फिरला होता.

रामहरीनं ढेकळाकडं पाहिलं, मग माळेकडं, मग थोरल्या भावाकडं. ‘‘दादा,’’ तो सावकाश म्हणाला, ‘‘ढेकळापायी एवढा का कळवळतोस?’’

कौसल्यानं ढेकूळ मुठीत घट्ट धरलं.

‘‘ह्याच झाडाखाली तू पेरवाचं वाटं करायचास,’’ ती कुंडलिकला म्हणाली. ‘‘कच्च्या पेरवांवर एक पिकल्यालं ठिवायचास. रामहरी त्ये बघून झडप घालायचा आन तू दुसरा वाटा घेऊन पळायचास. मी हितंच बसायची. माझा वाटाच नसायचा.’’

‘‘मग आता समदं कालव्याखालचं घेऊन जातीस व्हय?’’ कुंडलिकचा आवाज चिरकला.

‘‘समदं कशाला? तीन वाटं कर, ढेकूळ माघारी ठिवते. उचलायची रीत मातर तीच.’’

‘‘कबूल,’’ रामहरीच आधी बोलला. हिंदुरावांनी कुंडलिककडं पाहिलं. कुंडलिकनं मान डोलावली आणि तो पुन्हा घोंगडीवर बसला.

त्यानं ढेकूळ फोडून त्याचे तीन तुकडे केले. एक तुकडा मोठा झाला, म्हणून त्यातली माती चिमटीनं काढून दुसऱ्यावर ठेवली. घुंगुरमाळ एका वाट्यात टाकली, कडदोरा दुसऱ्यात घातला. मग थोडं मागं सरकून त्यानं ते कौसल्याच्या नजरेनं पाहिलं, मग रामहरीच्या. आपल्याला उरणारा वाटा डोळ्यांपुढं येताच त्यानं सगळं पुन्हा मोडलं. कपाळावरून घाम निथळत होता. पुसायचं भान नव्हतं. तोंडावरचं सुतक केव्हाच उतरलं होतं. रामहरी लहानपणीसारखा उकिडवा बसून मान लांब करून बघत होता. हिंदुरावही पान लावायचं सोडून घोंगडीवर वाकले होते.

कुंडलिकनं चौथ्यांदा माती हलवली.

‘‘सावकास कर दादा,’’ कौसल्या म्हणाली. ‘‘शेवटचा तुझा हाय.’’